कमी, योग्य, जास्त

"वाळलीस गं बाई, वाळलीस."

हा आवाज सुरेखाच्या कानात पंचवीस वर्षं मुक्कामाला आहे. चैत्र लागला की ऊसतोडीहून परतणाऱ्या गाड्या खर्ड्याच्या रस्त्याने वाडीकडे वळायच्या. आधी घुंगरं ऐकू यायची, मग धूळ दिसायची, आणि धुळीतून आई. गाडी थांबायच्या आत ती उडी टाकायची. अंगाला पाचटाचा वास, तळहाताला कोयत्याचे घट्टे. सुरेखाच्या काखेत हात घालून ती तिला वर उचलायची, क्षणभर हवेतच धरायची, डोळे मिटून, आणि खाली ठेवता ठेवता म्हणायची, "वाळलीस गं बाई, वाळलीस." सहा महिन्यांच्या ताटातुटीनंतरचं पहिलं वाक्य हेच. सुरेखाला लहानपणी वाटायचं की 'वाळलीस' म्हणजे 'मी आले'. मोठी झाल्यावर वाटायला लागलं की आपण खरंच वाळलो असणार, कारण आई काही खोटं बोलत नाही.

आणि आज, श्रीरामपुरातल्या आपल्या फरसाणाच्या दुकानात, दुपारी चारच्या सुमारास, जेव्हा गिऱ्हाईक नसतं आणि कढईतलं तेलही जरा डुलकी घेत असतं, तेव्हा तिला तो आवाज पुन्हा ऐकू आला. कारण समोर काउंटरवर एक निळं कार्ड पडलं होतं. शाळेत आरोग्य तपासणी झाली होती. आठवड्यापूर्वी हेच कार्ड पालकांनी भरायला आलं होतं, त्यात प्रश्न होता: पालकांच्या मते पाल्याचे वजन. पुढे तीन चौकोन. कमी, योग्य, जास्त. सुरेखाने पापडी तोलता तोलता 'कमी'वर खूण केली होती, इतक्या सहज, जसं नाव विचारलं आणि नाव सांगितलं. तिच्या अंगठ्याचा तेलकट ठसा अजून तिथेच होता. त्याच्या शेजारी आता लाल पेनाने लिहिलं होतं, वजन एक्केचाळीस किलो, आणि 'जास्त'भोवती एक गोल. गोल चांगला दोनदा फिरवलेला.

"आई, तू नापास," संस्कृती म्हणाली. ती चौथीत होती आणि नापास हा शब्द तिला नुकताच फार आवडायला लागला होता. दप्तर न काढताच ती काउंटरला टेकून उभी होती, हातात शेवेची चिमूट. "बाई म्हणाल्या, तुझ्या आईचा चष्मा तपासायला सांग."

"मला चष्मा नाही."

"तेच तर."

सुरेखा हसली, पण तिचा हात मात्र जरा खजील झाला. हा हात म्हणजे तिची सगळी शिक्षण-संपत्ती होती. पाव किलो शेव म्हटलं की मूठ पाव किलोच उचलायची. काट्यावरचा आकडा तिच्या हाताच्या मागून यायचा, होयबासारखा. बाजारपेठेतले लोक गंमत म्हणून तिच्याकडे वस्तू आणायचे, वहिनी, ही पिशवी सांगा, हे कलिंगड सांगा. पन्नास ग्रॅम इकडे किंवा तिकडे, त्यापलीकडे ती कधी चुकली नव्हती. आणि पोटच्या पोरीत दहा-बारा किलोंनी चुकली? तिने संस्कृतीकडे पाहिलं. नीट पाहिलं, शेवेकडे पाहावं तसं. गोल गाल, ट्यूनिकच्या पट्ट्यावर आलेलं गुबगुबीत पोट, दंडाला रुतलेली बाही. हे सगळं दिसत होतं. पण दिसता दिसताच कुठेतरी विरघळत होतं, आणि त्याच्या आतून दुसरंच काहीतरी वर येत होतं, काचेच्या पेटीतलं, लालसर, कागदासारख्या कातडीचं, मनगट एवढंसं की सुरेखाच्या अंगठीतून आरपार जावं.

संस्कृती सातव्या महिन्यात झाली. चौदाशे ग्रॅमची. नर्सने आकडा सांगितला तेव्हा सुरेखाने अंथरुणात पडल्या पडल्या तळहात उघडून बघितला होता. चौदाशे ग्रॅम म्हणजे काय, हे तिला जगातल्या कुणाहीपेक्षा चांगलं कळत होतं, आणि तेच वाईट होतं. आई तेव्हा फडावर होती, पार कोल्हापूरकडे. कल्याणने, म्हणजे नवऱ्याने, फोन लावून दिला. सुरेखा कशीबशी म्हणाली, "आये, मुलगी झाली. चौदाशे भरली." पलीकडून आई, झुंबरबाई, आनंदाने ओरडली होती, "चौदाशे? आगं मग लईच की! दृष्ट काढ, दृष्ट!" जन्मभर ऊस मोजला तो दोन टन, तीन टन असा, तिला चौदाशे हा आकडा थोरच वाटला. सुरेखाला त्या वेदनेत असं हसू फुटलं की टाके ताणले, नर्स धावत आली. त्या काळात हसायला मिळालेली तेवढी एकच गोष्ट. मग कुणीतरी झुंबरबाईला ग्रॅम म्हणजे काय ते समजावलं.  नंतर तिने तिथूनच, उसाच्या सरीत उभं राहून, वाडीच्या जानाईला नवस बोलला: पोर जगली तर तिच्या भारानं गूळ वाटीन.

पोर जगली. नुसती जगली नाही, वाढायला लागली, आणि झुंबरबाई नवस फेडायचं नावच काढेना. दरवर्षी म्हणायची, "देवीला घाई न्हाई. भरू द्या अजून." सुरेखाचा भाऊ बिभीषण चिडवायचा, "आये, नवस फेडतीस का पिकवतीस?" यंदा मात्र झुंबरबाईने कोयता खुंटीला लावला होता, पहिल्यांदाच हंगामाला गेली नव्हती, आणि निरोप धाडला होता की या जत्रेला पोरीची गुळाची तुला करायची. लेकीला घेऊन या, गूळ मी बघते. आठ दिवस उरले होते.

"आणि मी त्या काट्यावर बसणार नाही," संस्कृती म्हणाली. शेव संपली होती, बोटं चाटून झाली होती, आणि आता तिचा आवाज बदलला होता. "सगळ्या गावासमोर नाही बसणार. शाळेत आकडा मोठ्याने वाचला. निकिता अठ्ठावीस. बाकीच्या पण तेवढ्याच. माझ्या वेळेला सगळे हसले."

 सुरेखाला म्हणायचं होतं, हसू दे, तू कुठे जाड आहेस, तू तर वाळली आहेस. ओठांवर आलंच होतं. ती एकदम थांबली. हा शब्द आपला नाही, हे तिच्या लक्षात आलं. तो आईच्या तोंडून तिच्या तोंडात आला होता. आणि त्या घरात त्याचं कारणही सगळ्यांना ठाऊक होतं: आईची दृष्ट सगळ्यांत आधी लागते. लेकरू भरलं, गुटगुटीत झालं, असं आईने म्हणायचं नाही. म्हणायचं वाळलं. देवाला, दैवाला, वरून जो कुणी ऐकत असेल त्याला चकवायचं. सुरेखाने नऊ वर्षं दैवाला चकवता चकवता स्वतःलाच चकवलं होतं.

संध्याकाळी कल्याण घरी आला तेव्हा पोरगी म्हणाली, "पप्पा, मला उचला बरं." कल्याणने उचललं, म्हणजे उचलायला सुरुवात केली, आणि मध्येच "आई आई गं" करत कॉटवर बसला. "अगं तू तर पोतं झालीस!"

"अहो, काय बोलताय!" सुरेखा आतून ओरडली. "थुंका आधी."

"थुंकतो की. पण पोतं ते पोतंच." त्याने कार्ड वाचलं होतं. "सुरेखा, मला दिसतंय बरं का. कधीचं दिसतंय. तू रात्री दोन पोळ्यांवर तिसरी वाढतेस, तेव्हा मी बोलत नाही. तुझा चेहरा बघतो ना मी."

"काय असतं चेहऱ्यावर?"

"दवाखाना असतो," कल्याण म्हणाला.

 सुरेखा भाकरी थापत राहिली. तव्यावर भाकरी फुगली, टम्म, आणि तिला नेहमीप्रमाणे आनंद झाला. फुगलेल्या भाकरीला कुणी जास्त म्हणत नाही, तिच्या मनात आलं, आणि आपल्याच विचाराचं तिला हसू आलं.

जत्रेला ते गेले ते तिघंही पुढच्याच सीटवर दाटीने बसून, दुकानाच्या टेम्पोतून. नगर मागे पडलं, हिरवा ऊस कधीच सरला होता, आणि माळ सुरू झाले, उघडे, ऐसपैस, उन्हाने पांढरे झालेले. सुरेखाला हे माळ ओलांडताना दरवेळी अंग हलकं झाल्यासारखं वाटे. याच माळावर तिने ते दगड वेचले होते. आठ-नऊ वर्षांची असेल. आई हंगामाला गेली की ती आजीजवळ राहायची, वडिलांच्या आईजवळ, गोजरबाईजवळ. गोजरआजी तिला लोण्यात भाकरी कालवून द्यायची, शेळीचं दूध तोंडाला लावायची. आणि तरी चैत्रात आई उचलायची आणि म्हणायची, वाळलीस. त्या वर्षी सुरेखाने ठरवलं की आईच्या तोंडून एकदा तरी 'भरलीस' ऐकायचंच. गाड्या दिसल्या तशी ती तांब्याभर पाणी प्यायली आणि परकराच्या खिशात पाच दगड भरले, त्यातली एक पांढरी गारगोटी. आईने उचललं. दगड एकमेकांवर खुळखुळले. आईने डोळे मिटले, नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं. आणि म्हणाली, "वाळलीस गं बाई, वाळलीस." सकाळी उठून सुरेखाने परकरातले दगड काढले तर चारच होते. गारगोटी पळताना पडली असणार. पुढे कितीतरी दिवस ती माळावर ती गारगोटी शोधत होती. हरवलेल्या दगडापेक्षा न मिळालेला शब्द शोधत असल्यासारखी.

वाडीत टेम्पो शिरला तेव्हा झुंबरबाई दारातच उभी होती. पाठ थोडी वाकलेली, पण हात तेच, खुरप्यासारखे. तिने सुरेखाचा चेहरा दोन्ही तळहातांत धरला. चौतिशीची सुरेखा, दुकानाच्या खुर्चीने आणि स्वतःच्याच शेवेने चांगली रुंदावलेली. "वाळलीस गं बाई, वाळलीस," झुंबरबाई म्हणाली. मग नातीकडे वळली, "आन ही तर पार काडी झाली! जावाईबापू, खायाला घालता का न्हाई?"

"मामी, चष्मा घ्या," कल्याण म्हणाला.

"आजी, तू पण नापास," संस्कृतीने निकाल लावला.

देवळापुढच्या चिंचेला बिभीषणाने आडवं लाकूड बांधलं होतं आणि त्याच्या दोन टोकांना दोराने दोन पाट. एका पाटावर हळद-कुंकू लावलेलं. शेजारी गोणपाटावर गुळाच्या ढेपा आणि लहान भेल्या, गुऱ्हाळातून काल संध्याकाळीच उतरवलेल्या, अजून मऊ, मधमाश्या भोवती घिरट्या घालत होत्या. बायका जमल्या होत्या. हलगी वाजत होती. आणि संस्कृती देवळाच्या पायरीवर, गुडघ्यांत डोकं घालून.

"चल की भाचीबाई," बिभीषण म्हणाला. "मामानं दोर तपासलाय. हत्ती बसंल."

हे बोलणं भोवलं. डोकं आणखी खाली गेलं.

"बिभीषणा, तू गप," सुरेखा म्हणाली.

"आगं ह्या काट्याला आकडाच न्हाई, बाळा," झुंबरबाई समजूत घालायला लागली. "देवीला कुठं आकडं येत्यात? हिकडं तू, तिकडं गूळ."

"ढेप दहा किलोची असते," पायरीवरून घुसमटलेला आवाज आला. "चार ढेपा म्हणजे चाळीस. मला गणित येतं."

बायका हसल्या, प्रेमानेच, पण हसल्या. सुरेखाला शाळेतलं ते हसू ऐकू आलं. हलगीवाला थांबला. ऊन चिंचेच्या पानांतून चाळणीने चाळल्यासारखं सांडत होतं. तिला कळत होतं की आता पोरगी उठली नाही, तर हा पाट तिच्या मनात जन्मभर रिकामा लोंबकळत राहील. तिच्या अंगाची तिला लाज वाटायला लागेल, त्याच अंगाची, ज्याच्या एकेका ग्रॅमसाठी आपण काचेला नाक लावून उभे होतो. आणि हे पोरीला माहीतच नव्हतं. सुरेखाने तिला कधी सांगितलं नव्हतं. पेटीचं नाव काढलं तर ती पेटी परत येईल, असं काहीतरी वाटायचं.

ती गोणपाटापाशी गेली. गुळाची किलोची एक भेली उचलली. दुसरी भेली फोडली, एक तुकडा घेतला, हातात तोलला, त्यातला बोटभर काढून टाकला. चुकणार नव्हती. सगळं एका फडक्यात गुंडाळलं, बाळाला गुंडाळतात तसं, आणि पायरीवर जाऊन लेकीच्या मांडीवर ठेवलं.

"धर."

संस्कृतीने डोकं वर केलं. "काय आहे?"

"तू आहेस. जन्मलीस तेव्हाची. एवढीच होतीस."

संस्कृतीने दोन्ही हातांनी ते गाठोडं उचललं. वर केलं, खाली केलं. मग फडकं बाजूला सारून आत बघितलं, जणू तिथे खरंच कुणी असेल. "एवढीच? पूर्ण मी?"

"पूर्ण. डोळे, नाक, नखं धरून. पेटीत ठेवलं होतं दीड महिना. रोज काट्यावर ठेवायचे. ज्या दिवशी वीस ग्रॅम वाढायचीस, त्या दिवशी पप्पा दवाखान्याच्या सगळ्या लोकांना चिवडा वाटायचे."

"वीस ग्रॅमला?"

"वीस ग्रॅमला. एकदा दहा वाढलीस तर अर्धी पुडी."

पोरीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिने गाठोडं पुन्हा तोललं, आईसारखं, डोळे बारीक करून. "मग बाकीचं कुठून आलं?"

"तू आणलंस. एकटीने."

संस्कृती थोडा वेळ विचारात बसली. मग उठली. गुळाचं बाळ कडेवर घेऊन तरातरा चिंचेखाली गेली आणि पाटावर बसली ती अशी, जशी राणी. "मामा, हे दुसऱ्या पारड्यात टाक. आधी हे टाक. मग बाकीचं."

हलगी कडाडली. लेकीचा पाट भुईला टेकला होता. समोर आधी ती इवलीशी गाठ, मग एक ढेप, दुसरी. बायकांनी ओवी धरली, झुंबरबाईचा आवाज सगळ्यांच्या वर, फाटका पण सुरातला:

लेक बसली तुलेला, पारडं टेकलं भुईला
गूळ सरला गावाचा, भार कळंना आईला

भार कळंना आईला. सुरेखाच्या अंगावर काटा आला. लहानपणी किती वेळा ऐकली होती ही ओवी, आणि वाटायचं, कौतुक आहे. आज वाटलं, कबुली आहे. तिसरी ढेप. पाट हलेना. पोरीचे पाय मातीत, चेहरा लालबुंद, पण आता तीच ओरडत होती, "अजून! अजून!" चौथी ढेप ठेवली, आणि मग ते झालं: पाट मातीपासून बोटभर सुटला. संस्कृती अधांतरी. खिदळत होती. झुलत होती. आणि सुरेखाला ती दिसली. आतल्या कुणाला न ओलांडता, थेट. गोल, गुबगुबीत, घामाघूम, नऊ वर्षांची, जराशी जास्त. हो, जास्तच. डोळ्यांतली काच गळून पडावी तसं ते लख्ख दिसलं, आणि त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. सायकल काढायची, तिसरी पोळी वाढायची नाही, आणखी काय? पेटीतलं बाळ समोरच्या पारड्यात होतं, गुळाच्या ढिगाखाली, गोड, निवांत. त्याला आता कुणी राखायची गरज नव्हती.

ती पुढे झाली. लेकीच्या काखेत हात घातले आणि तिला पाटावरून उचललं. कमरेतून कळ आली, दोघी मिळून बिभीषणाच्या अंगावर कलंडल्या.

"आई गं! केवढी जड आहेस गं तू!" सुरेखा मोठ्याने म्हणाली. सगळ्या गावासमोर. देवीसमोर.

एकदोन बायकांनी पटकन कानशिलावर बोटं मोडली. आईने असं म्हणायचं नसतं. मग संस्कृती तिच्या गळ्यात पडून कानात म्हणाली, "आता पास."

गूळ वाटता वाटता दुपार झाली. ती पहिली गाठ मात्र संस्कृतीने कुणाला दिली नाही. स्वतःही एकच खडा खाल्ला, बाकीची मामाच्या पोरांना दाखवत फिरली, ही मी, ही मी. कल्याण आणि बिभीषण दोर सोडत होते. चिंचेखाली सुरेखा आणि झुंबरबाई गोणपाट झटकत बसल्या. हाताला गूळ चिकटलेला, त्यावर मुंग्या.  झुंबरबाई गोणपाटाकडे बघतच म्हणाली,

"पाच हुते."

"काय पाच?"

"दगडं. तुझ्या परकरात."

सुरेखाचा हात थांबला. "तुला माहीत होतं?"

"आगं, मोळी उचलली तर कांडं किती त्ये सांगनारी बाई मी. लेकराच्या अंगातलं दगड न्हाई कळायचं?" ती स्वतःशीच हसली. "त्यातली गारगोटी म्याच काढली. तू झोपल्यावर. पुढल्या हंगामाला संगं नेली. पाचटाच्या कोपीत उशाला ठिवायची. तुझं वजन म्हनून."

 तिकडे संस्कृती अजून न सोडलेल्या पाटावर पुन्हा बसली होती आणि मामाला झुलवायला सांगत होती.

"मग म्हणाली का नाहीस, आये? एकदा तरी. मी दगड भरले ते त्याच्याचसाठी. दृष्टीला भ्यालीस?"

"दृष्टीला समदेच भित्यात." झुंबरबाईने पदराने हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिली. "दगडं नसती तरी तू जडच हुतीस, सुरखे. दरसाली. म्हातारीनं, गोजरनं, चांगलं लोण्यावर ठिवलं हुतं तुला. उचलली की कळायचं. सा म्हैने मी न्हवते, आन पोर भरली. माझ्यावाचून भरली. त्ये तोंडानं म्हनवायचं न्हाई, बाई. वाळली म्हनलं की वाटायचं, माझ्यावाचून हिचं आडतंय."

ती सुरेखाकडे वळली. दोन्ही चिकट तळहातांत तिने लेकीचा चेहरा धरला, डोळे मिटले, आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"भरली हुतीस गं बाई," ती म्हणाली. "लई भरली हुतीस."